डळमळते आसन आणि सदसद्विवेक

निवडणूक तोंडावर आलेली असताना, आणि आपल्याच एखाद्या निर्णयामुळे पराभव ओढवण्याची चिन्हे दिसत असताना, सत्तेवर असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीचे ऐकावे की ज्यांनी तिला निवडून दिले त्या मतदारांचे, हा लोकशाहीच्या नीतिशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न आहे. लोकेच्छा सार्वभौम मानली तर प्रतिनिधीच्या विवेकाला फारसा अवकाश उरत नाही, आणि विवेक श्रेष्ठ मानला तर मतदारांचा कौल घेण्याचे प्रयोजनच संपते. या पेचाची चर्चा बहुधा असे गृहीत धरून केली जाते की निवडणुकीची भीती ही विवेकाची वैरीण असते, आणि म्हणून ज्याचे आसन स्थिर आहे तोच शासनकर्ता निर्भयपणे विवेकाने वागू शकतो. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन याहून वेगळे आहे. ज्याला पद गमावण्याचा धोका आहे त्याच्याच विवेकाला लोकशाहीत नैतिक अधिकार प्राप्त होतो, कारण आपल्या निर्णयाची किंमत मोजण्यास तो स्वतः तयार असतो आणि अंतिम निवाडा इतरांच्या हाती सोपवतो. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात 1994 मध्ये झालेली गव्हर्नरपदाची निवडणूक हे प्रतिपादन तपासून पाहण्यास विशेष उपयुक्त आहे.

त्याआधी या पदाचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. भारतातील राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि राज्यपाल सामान्यतः मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार वागतो. अमेरिकेतील गव्हर्नर मात्र थेट जनतेच्या मतांनी निवडला जातो, राज्याचे प्रशासन स्वतः चालवतो आणि अधिकारांच्या दृष्टीने आपल्याकडील मुख्यमंत्र्याला अधिक जवळचा असतो. विधिमंडळाने संमत केलेले विधेयक फेटाळण्याचा नकाराधिकार त्याच्याकडे असतो, आणि अनेक राज्यांत दोषी ठरलेल्या व्यक्तीची शिक्षा माफ किंवा सौम्य करण्याचा अधिकारही त्यालाच असतो. बहुतेक राज्यांत त्याची मुदत चार वर्षांची असून निवडणुकीचा दिवस कायद्यानेच ठरलेला असतो. अध्यक्षीय निवडणुकांच्या मधल्या वर्षांत, उदाहरणार्थ 2026 च्या नोव्हेंबरात, 36 राज्ये आपापला गव्हर्नर निवडतात. तारीख आधीच ठरलेली असल्यामुळे ज्याचे आसन डळमळीत झाले आहे अशा गव्हर्नरला विधिमंडळ बरखास्त करून सोयीचा मुहूर्त गाठता येत नाही, की लोकांचा राग ओसरेपर्यंत मतदान पुढे ढकलता येत नाही. आपल्या निर्णयांचा हिशेब नेमक्या कोणत्या दिवशी द्यावा लागणार आहे, हे त्याला शपथ घेतानाच ठाऊक असते.

1994 च्या त्या निवडणुकीच्या वेळी न्यूयॉर्कचे गव्हर्नर असलेले मारिओ कुओमो हे इटलीहून अमेरिकेत आलेल्या गरीब स्थलांतरितांचे पुत्र, न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात वाढलेले, व्यवसायाने वकील आणि श्रद्धेने कॅथलिक होते. 1982 मध्ये गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवण्यासाठी त्यांना शहराचे लोकप्रिय महापौर एड कॉच यांच्याशी सामना करावा लागला, आणि कॉच देहदंडाचे उघड पुरस्कर्ते असताना कुओमो त्याला तितकाच उघड विरोध करत होते. न्यूयॉर्क राज्यात देहदंडाची शेवटची अंमलबजावणी 1963 मध्ये सिंग सिंग तुरुंगात झाली होती, आणि ही शिक्षा पुन्हा सुरू करावी अशी मागणी वाढत्या गुन्हेगारीबरोबर जोर धरत होती. विधिमंडळ तसे विधेयक पुन:पुन्हा संमत करत राहिले आणि कुओमो ते आपल्या कारकिर्दीच्या बारा वर्षांत बारा वेळा फेटाळत राहिले. गव्हर्नरचा नकार निष्प्रभ करण्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतात, आणि विरोधकांना त्या काळात ती कधीच जमवता आली नाहीत.

कुओमो यांची भूमिका समजून घेण्यासाठी 13 सप्टेंबर 1984 रोजी त्यांनी नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठात दिलेले व्याख्यान महत्त्वाचे ठरते. गर्भपाताच्या प्रश्नावर कॅथलिक राजकारण्यांनी चर्चच्या शिकवणुकीला अनुसरून कायदा करण्याचा आग्रह धरावा की नाही, यावर त्या वर्षी अमेरिकेत तीव्र वाद सुरू होता. कुओमो यांचे उत्तर असे होते की स्वतःच्या जीवनात आपण चर्चची शिकवण प्रमाण मानतो. परंतु अनेक धर्मांच्या आणि धर्म न मानणाऱ्या लोकांच्या समाजात ती शिकवण सर्वांवर कायद्याने लादावी का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तिच्यामागे युक्तिवादाने व्यापक सहमती घडवता येईल का, हे पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही. त्यांच्या टीकाकारांनी यातील एक विसंगती लगेच हेरली. गर्भपाताच्या बाबतीत जो नेता सहमतीच्या अभावाकडे बोट दाखवतो, तोच देहदंडाच्या बाबतीत बहुमताची इच्छा वर्षानुवर्षे का डावलतो, असा त्यांचा प्रश्न होता. हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही, आणि त्याचा विचार पुढे केला आहे.

1994 मध्ये कुओमो चौथ्यांदा निवडणुकीस उभे राहिले तेव्हा त्यांचे आसन अनेक कारणांनी डळमळीत झालेले होते. नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी आलेल्या मंदीने राज्यातील रोजगार घटले होते, करांच्या बोज्याबद्दल तक्रारी होत्या, आणि बारा वर्षे तोच चेहरा पाहून लोक कंटाळले होते. गुन्हेगारीची भीतीही खरी होती, कारण 1990 या एका वर्षात एकट्या न्यूयॉर्क शहरात दोन हजारांहून अधिक खून झाले होते. त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी, पीकस्किल या छोट्या शहराचे माजी महापौर आणि राज्याच्या सिनेटचे सदस्य जॉर्ज पटाकी यांना राज्याबाहेर फारसे कोणी ओळखत नव्हते, तरी करकपात आणि देहदंड या दोन आश्वासनांनी त्यांच्या प्रचाराला धार आली. शेवटच्या टप्प्यात न्यूयॉर्क शहराचे रिपब्लिकन महापौर रुडॉल्फ जुलियानी यांनी पक्षाची चौकट ओलांडून कुओमो यांना पाठिंबा दिला, पण 8 नोव्हेंबरला पटाकी यांना सुमारे 49 टक्के आणि कुओमो यांना सुमारे 45 टक्के मते मिळाली. त्या वर्षी देशभर रिपब्लिकन पक्षाची लाट होती, हे लक्षात घेता कुओमो केवळ देहदंडाच्या प्रश्नावर हरले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. मात्र ही भूमिका आपल्याला महागात पडू शकते हे त्यांना दिसत होते, आणि दिसत असूनही त्यांनी ती सोडली नाही, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

प्रतिनिधित्वाच्या स्वरूपाविषयी राज्यशास्त्रात दोन परस्परविरोधी कल्पना रूढ आहेत. पहिलीनुसार प्रतिनिधी हा मतदारांचा निरोप्या असतो आणि त्यांची इच्छा जशीच्या तशी सभागृहात पोहोचवणे एवढेच त्याचे काम असते. दुसरीनुसार तो विश्वस्त असतो, म्हणजे मतदारांनी त्याला आपल्या हिताचा सांभाळ सोपवलेला असतो आणि त्यासाठी स्वतःची बुद्धी वापरणे हेच त्याचे कर्तव्य ठरते. या दुसऱ्या कल्पनेची सर्वांत प्रसिद्ध मांडणी संसदपटू एडमंड बर्क यांनी 3 नोव्हेंबर 1774 रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराच्या मतदारांपुढे केली. आयर्लंडच्या व्यापारावरील निर्बंध सैल करणे आणि कॅथलिकांना कायद्याने सवलती देणे या गोष्टींना बर्क यांनी पाठिंबा दिला तेव्हा ब्रिस्टलचे व्यापारी नाराज झाले, आणि पराभव अटळ दिसू लागल्यावर 1780 मध्ये बर्क यांनी तेथील निवडणुकीतून माघार घेतली. त्यानंतर लगेचच लॉर्ड रॉकिंगहॅम या आश्रयदात्याच्या वर्चस्वाखालील माल्टन मतदारसंघातून ते पुन्हा संसदेत पोहोचले. बर्क यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तरीही त्यांच्या विवेकाला माल्टनचे कवच लाभले होते आणि त्या कवचासाठी सर्वसामान्य मतदारांची परवानगी लागत नव्हती, ही गोष्ट त्यांच्या सिद्धान्ताचे मूल्यमापन करताना दृष्टिआड करता येत नाही. विश्वस्ताला काढून टाकण्याचा अधिकार ज्याच्या हिताचा सांभाळ केला जातो त्याच्याकडे नसेल, तर विश्वस्त आणि पालक यांतील फरक उरत नाही.

विवेकाच्या कृतीत धोका असणे किंवा नसणे यामुळे काय फरक पडतो, हे इलिनॉय राज्यातील दोन उदाहरणांच्या तुलनेने स्पष्ट होते. जानेवारी 2003 मध्ये गव्हर्नर जॉर्ज रायन यांनी कारकीर्द संपण्यास दोन दिवस उरले असताना देहदंडाची प्रतीक्षा करणाऱ्या दीडशेहून अधिक कैद्यांच्या शिक्षा सौम्य केल्या. राज्यात निरपराध माणसे मृत्यूच्या दारापर्यंत पोहोचल्याचे उघड झाल्यामुळे त्यांनी 2000 मध्येच शिक्षेच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली होती, आणि त्यांच्या अंतिम निर्णयामागील कारणे भक्कम होती. परंतु भ्रष्टाचाराच्या प्रकरणात प्रतिमा मलिन झालेले रायन पुन्हा निवडणुकीस उभेच राहिले नव्हते, त्यामुळे या निर्णयाचा जाब त्यांना मतपेटीतून विचारण्याची संधी कोणालाही उरली नव्हती. याउलट त्याच राज्याचे गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड यांनी 26 जून 1893 रोजी, म्हणजे कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षी, हेमार्केट प्रकरणातील तीन हयात कैद्यांना माफी दिली. शिकागोत 4 मे 1886 रोजी कामगारांच्या सभेजवळ बॉम्ब फुटून पोलीस मारले गेले होते आणि त्या प्रकरणी चार जणांना पुढच्या वर्षी फाशी झाली होती. दया दाखवावी एवढेच म्हणून आल्टगेल्ड यांना थांबता आले असते आणि समाजाने ते कदाचित सहनही केले असते. पण त्यांनी दीर्घ निवेदन लिहून ज्यूरीची, म्हणजे निवाडा देणाऱ्या नागरिकांच्या पंचमंडळाची, निवड पक्षपाती होती, पुरावा अपुरा होता आणि न्यायाधीश पूर्वग्रहदूषित होते, असे कारणांसह मांडले. वृत्तपत्रांनी त्यांच्यावर आगपाखड केली, आणि 1896 च्या निवडणुकीत ते पराभूत झाले. रायन यांची कृती कदाचित तितकीच न्याय्य असेल. परंतु कृती न्याय्य असणे आणि ती करणाऱ्याने लोकांना उत्तरदायी राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आल्टगेल्ड यांच्या उदाहरणात त्या एकत्र आल्या.

धोका मात्र माणसाला उलट दिशेनेही ढकलू शकतो, आणि या प्रतिपादनाने त्या शक्यतेकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर पॅट ब्राउन हे कुओमो यांच्यासारखेच कॅथलिक आणि देहदंडाचे विरोधक होते. आठ वर्षांच्या कारकिर्दीत त्यांच्यासमोर देहदंडाची 59 प्रकरणे आली. त्यांपैकी 23 शिक्षा त्यांनी सौम्य केल्या आणि 36 अमलात येऊ दिल्या. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी असे एक प्रकरण उघडपणे मांडले आहे की ज्यात शेतमजुरांच्या वेतनाविषयीच्या विधेयकाला एका आमदाराचे मत हवे होते, आणि ते मत हातचे जाऊ नये म्हणून त्यांनी एका कैद्याच्या शिक्षेत हस्तक्षेप केला नाही. हजारो मजुरांचे हित एका बाजूला आणि एका गुन्हेगाराचा जीव दुसऱ्या बाजूला, असा हा सौदा होता. मायकेल वॉल्झर या तत्त्वज्ञाने 1973 च्या एका गाजलेल्या लेखात अशा प्रसंगांना मळलेल्या हातांची समस्या म्हटले आहे. तिचा आशय असा की मोठे हित साधताना राजकारण्याला कधी कधी खरोखरच अनुचित कृती करावी लागते, आणि तेव्हा त्या कृतीला उचित ठरवण्याऐवजी तिचा अपराधभाव त्याने वाहिला पाहिजे. ब्राउन यांच्या बाबतीत विशेष लक्षात घेण्याजोगे हे की सौदा झाला तेव्हा मतदारांना त्याची कल्पना नव्हती. लोकमतापुढे झुकण्यात नेहमीच दोष असतो असे नाही; पण झुकण्याचे खरे कारण लोकांपासून लपवले जाते तेव्हा विवेक आणि उत्तरदायित्व या दोहोंचीही हानी होते.

आता कुओमो यांच्यावरील विसंगतीच्या आक्षेपाकडे वळता येते. दोन प्रश्नांतील एक फरक असा की एका ठिकाणी राज्यसत्तेने नागरिकाच्या वर्तनावर बंदी घालावी का, असा प्रश्न होता, आणि दुसऱ्या ठिकाणी राज्यसत्तेने सर्वांच्या नावाने एका माणसाला ठार मारावे का, असा होता; पहिल्या बाबतीत सत्ता वापरण्यास आणि दुसऱ्या बाबतीतही सत्ता वापरण्यास नकार देणारी व्यक्ती निदान एका सूत्राने वागत असते. दुसरा फरक युक्तिवादाच्या स्वरूपाचा आहे. तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी 1993 च्या ग्रंथात सार्वजनिक विवेकाची कल्पना विशद केली आहे. तिच्यानुसार मूलभूत प्रश्नांवर सत्तेचा वापर करताना, कोणत्याही पंथाच्या नागरिकाला तोलून पाहता येतील अशीच कारणे दिली गेली पाहिजेत. कुओमो यांचा देहदंडाला विरोध चर्चच्या आज्ञेवर उभा नव्हता आणि त्या काळी तसा तो उभा राहणे शक्यही नव्हते, कारण चर्चची अधिकृत शिकवण तेव्हा देहदंडाला संपूर्ण मनाई करत नव्हती. तशी स्पष्ट भूमिका पोप फ्रान्सिस यांच्या काळात 2018 मध्ये घेतली गेली. न्यायदानात चूक झाल्यास ही शिक्षा मागे घेता येत नाही, तिच्यामुळे गुन्हे कमी होतात हे सिद्ध होत नाही आणि आजन्म कारावासाचा पर्याय उपलब्ध आहे, ही कारणे कोणालाही तपासता येण्याजोगी होती. तरीही हे मान्य केले पाहिजे की गर्भातील जीव हीसुद्धा एक मानवी व्यक्तीच आहे असे मानणाऱ्याला यातील पहिला फरक पटणार नाही, आणि त्याच्यापुरता आक्षेप कायम राहतो.

मराठी वाचकाला या चर्चेत गीतेतील फलासक्तीच्या त्यागाची आठवण होणे स्वाभाविक आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रकाशित झालेल्या ‘गीतारहस्य’ या ग्रंथात ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणातून दोन कर्तव्ये परस्परांशी भिडतात तेव्हा उभ्या राहणाऱ्या पेचांचा सविस्तर विचार केला आहे, आणि कर्म टाळण्यापेक्षा ते निष्काम बुद्धीने करणे श्रेयस्कर ठरवले आहे. परंतु निवडून आलेल्या शासनकर्त्याला हा उपदेश लागू करताना एक भेद सांभाळावा लागतो. त्याच्या कर्माचे फळ म्हणून मिळणारे पद हे त्याचे वैयक्तिक फळ आहे आणि त्याबद्दल त्याने अनासक्त असावे हे योग्यच. मात्र मतदारांचा निवाडा हे केवळ त्याचे फळ नसून तो लोकांचा अधिकारही आहे, आणि त्याबद्दल उदासीन राहणे म्हणजे अनासक्ती नसून उपेक्षा होय. टिळकांनी ज्यावर विशेष भर दिला तो लोकसंग्रह, म्हणजे समाजाची घडी नीट राखून त्याला योग्य मार्गाला लावणे, लोकांना सोबत घेतल्याशिवाय साधत नाही. म्हणून पदाविषयी निरिच्छ आणि लोकांच्या समजुतीविषयी मात्र अतिशय तत्पर, अशी वृत्ती हीच निवडून आलेल्या व्यक्तीच्या निष्काम कर्माची खरी कसोटी ठरते.

या वृत्तीला संस्थात्मक आधारही लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत घटनात्मक नीतिमत्तेची संकल्पना मांडली, जिच्यात राज्यघटनेने ठरवलेल्या पद्धतींबद्दल आदर, सत्ताधाऱ्यांवर मुक्त टीका करण्याचा हक्क आणि प्रतिपक्षही त्याच पद्धती पवित्र मानील हा विश्वास, या गोष्टी एकत्र येतात. याच सभेत 3 जून 1949 रोजी, फौजदारी अपिलांच्या चर्चेत, देहदंडच रद्द करावा या मताला आंबेडकरांनी आपला कल दर्शवला होता. तरीही शिक्षा कायम ठेवणाऱ्या कायद्याच्या चौकटीतच त्यांनी घटनानिर्मितीचे काम पुढे नेले. स्वतःची नैतिक धारणा स्पष्टपणे बोलून दाखवणे आणि तरीही सामूहिक निर्णयाची चौकट मोडू न देणे, हे दोन्ही एकाच व्यक्तीला शक्य असते, याचा हा दाखला आहे. कुओमो यांचा नकारही घटनेने दिलेल्या अधिकाराच्या मर्यादेत होता आणि तो ओलांडण्याचा मार्ग विधिमंडळाला मोकळा होता. शिवाय ही भूमिका उघडपणे माहीत असताना मतदारांनी त्यांना 1982, 1986 आणि 1990 अशी तीनदा निवडून दिले होते, आणि 1986 मध्ये तर सुमारे 65 टक्के मतांनी. त्यामुळे बारा वर्षे लोकेच्छा डावलली गेली असे म्हणणाऱ्याला हेही पाहावे लागते की त्या लोकेच्छेने गुन्हा आणि शिक्षा यांच्यापलीकडच्याही अनेक गोष्टींचा विचार करून आपला गव्हर्नर निवडला होता.

1 जानेवारी 1995 रोजी पटाकी यांनी पदभार स्वीकारला, आणि 7 मार्च रोजी त्यांनी देहदंडाच्या कायद्यावर, कर्तव्यावर असताना मारल्या गेलेल्या दोन पोलिसांच्या लेखण्यांनी, सही केली. या कृतीतही खरे दुःख आणि खरी नैतिक जाणीव होती. देहदंडाचा पुरस्कार करणाऱ्यांना केवळ सूडबुद्धीचे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होईल, कारण ज्यांची माणसे मारली गेली त्यांचा आक्रोश ऐकणे हेही शासनकर्त्याचे कर्तव्यच आहे. पुढे 2004 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, ज्यूरीचे एकमत न झाल्यास काय होईल याबाबत तिला देण्याच्या सूचनेत दोष असल्यामुळे, हा कायदा घटनाबाह्य ठरवला, आणि त्याखाली कोणाच्याही देहदंडाची अंमलबजावणी झाली नाही. यावरून इतिहासाने कुओमो यांना खरे ठरवले असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो टाळला पाहिजे. विवेकाच्या कृतीचे मूल्य तिला पुढे यश मिळाले की नाही यावर अवलंबून ठेवले, तर पराभवाच्या भीतीने केलेला हिशेबच वेगळ्या रूपात परत येतो.

या सर्व विवेचनातून असे म्हणता येते की सत्तेवरील व्यक्तीच्या विवेकाला लोकशाहीत तीन अटींवर मान्यता मिळते: तिने आपली कारणे सर्व नागरिकांना तोलता येतील अशा भाषेत आणि निवडणुकीपूर्वीच मांडावीत, आपला नकार घटनेच्या मर्यादेत ठेवून तो ओलांडण्याचा मार्ग इतरांना खुला ठेवावा, आणि त्या निर्णयासाठी पद गेले तर ते कोणालाही दूषण न देता सोडावे. शेवटची अट सर्वांत कठीण आहे, आणि ती पाळण्याचा प्रसंग ज्याचे आसन डळमळीत आहे त्याच्यावरच येतो. पण जबाबदारी एकट्या शासनकर्त्याची नाही. त्याचा निर्णय न पटल्यास त्याला घरी बसवण्याचा मतदाराला पूर्ण अधिकार आहे, तसेच त्याची कारणे आधी ऐकून घेणे आणि प्रामाणिक मतभेदाला विश्वासघात न म्हणणे हे मतदाराचे कर्तव्यही आहे. जो समाज हे कर्तव्य टाळतो आणि प्रत्येक अप्रिय निर्णयाला केवळ शिक्षा देत जातो, त्याच्या वाट्याला हळूहळू असेच शासनकर्ते येतात जे लोकांना आधी विचारून मगच आपले मत बनवतात. आणि ज्या दिवशी लोकच एखाद्या बाबतीत चुकत असतील, त्या दिवशी त्यांना तसे सांगणारा माणूस सत्तेत उरलेला नसतो.